उलटं विसण

मी नाशिकची. नाशिकच्या माणसाला आपल्या थंडीचा फार अभिमान असतो, आणि तो मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला येताना सामानात बांधून आणला होता. पहिल्याच डिसेंबरात तो उतरला. पण थंडीशी कसं वागायचं याची आमच्या घराण्याची शिस्त मात्र मी सोडली नाही. ओले केस, अनवाणी पाय, गार फरशी, उघडी खिडकी आणि गार पाणी हे आमचे पाच शत्रू. पाय मुरगळला तर शेक. मान अवघडली तर शेक. नुसतं उदास वाटलं तरी माझी आई म्हणते, "गरम पाण्यात पाय सोडून बस जरा." बर्फ हा प्रकार आमच्याकडे फक्त उसाच्या रसात चालतो.

आमच्या आयुष्यात घोडा आला तो लेकीमुळे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मी मराठीत बोलायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, असा आमचा करारच झालेला होता. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटली की, कुणाच्या तरी घोड्याची सेवा करायला जात. हा तिथला रिवाज आहे. घोडा एकाचा, पण खरारा करणं, लीद काढणं, खुरांतली माती कोरणं हे सगळं शेजारपाजारची मुलगी आनंदाने करते आणि त्या बदल्यात तिला बसायला मिळतं. मला आधी हे ऐकून धक्काच बसला होता. घरी स्वतःचं ताट न उचलणारी माझी मुलगी दुसऱ्याच्या घोड्याची लीद उचलायला सायकलने तीन किलोमीटरवरच्या सामाईक पागेत जाणार होती.

घोडा म्हणजे खरं तर बुटकं, गुबगुबीत, राखाडी रंगाचं तट्टू होतं. वय वर्षं सतरा. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, उंच, काटक, आणि जे मनात ते तोंडावर असणाऱ्या. तट्टू मात्र भलतंच लाडावलेलं. गाजर चिरून नाही तर अख्खं हवं, ब्रश मऊ हवा, पाणी ताजं हवं. नवरा एकदाच बघायला आला आणि म्हणाला, "हे तर जावईबापू आहेत." तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव तेच पडलं. नवऱ्याचा घोड्यांशी संबंध तेवढाच होता. आमच्या वरातीत तो पाच मिनिटं घोड्यावर बसला होता आणि उरलेलं अंतर चालत आला होता.

मी मात्र तिथे रमले. खरं सांगायचं तर मला त्या गावात माझं असं कोणी नव्हतं. नाशिकला मी बँकेत होते, काउंटरवर लोक मला नावाने ओळखायचे. इथे नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्याला जोडून मी आले होते, आणि खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, प्रत्येक अर्जावर आधी त्याचं नाव आणि मग माझं. पहिल्याच दिवशी जावईबापूंनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि स्वेटरची चव घेतली. मी पत्नी कुणाची आहे हे विचारलं नाही. मला ते फार आवडलं.

जानेवारीत जमीन गोठून दगड झाली. चिखलात उमटलेले खुरांचे ठसे तसेच कडक झाले, आणि त्यातल्या एका खड्ड्यात जावईबापूंचा पुढचा डावा पाय वाकडा पडला. दुपारपर्यंत गुडघ्याखालची मागची बाजू सुजून टम्म झाली. डॉक्टर आला, चाचपून बघितलं आणि म्हणाला, शीर ताणली गेली आहे. तुटलेली नाही, पण सूज लवकर उतरली पाहिजे. पाय थंड पाण्यात ठेवायचा, वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. जितकं थंड तितकं चांगलं. दहा दिवसांनी पुन्हा बघू.

मालकीणबाईंनी मग मला बाजूला घेऊन परिस्थिती सांगितली. पाय सुधारला नाही तर जावईबापूंवर कुणाला बसता येणार नाही, आणि पागेत जागा फक्त कामाच्या घोड्यांना होती. त्यांच्या भावाच्या ओळखीत ग्रोनिंगनजवळ एक शेत होतं, तिथे म्हाताऱ्या घोड्यांना कुरणात सोडतात. चांगलं शेत होतं. पण आमच्यापासून ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. लेकीने हे ऐकलं आणि घरी जाऊन ती जेवली नाही.

बाहेरचा नळ गोठलेला, पाइप काठीसारखा ताठ, म्हणून आतल्या नळाचं पाणी रबरी बादलीत भरायचं, त्यात घोड्यांच्या हौदातला बर्फ फोडून टाकायचा आणि पाय बादलीत उभा करायचा, असं ठरलं. पहिल्या दिवशी मालकीणबाई आणि मी दोघी होतो. जावईबापूंनी पाय बादलीत घातला, एक क्षण विचार केला आणि बादली मालकीणबाईंच्या अंगावर उलटी केली. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी बादली उलटी करून वर तिच्यावर पायही दिला. बाई नखशिखान्त भिजल्या. त्यांनी एक शब्द उच्चारला, जो लेकीने मला आजतागायत समजावून सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंची कंबर धरली, म्हणून मी एकटी गेले. बादली भरली, बर्फ टाकला, आणि खात्री करावी म्हणून स्वतःचा हात आत घातला. कोपरापर्यंत कळ गेली. जावईबापू माझ्याकडे बघत होते. त्यांच्या पापण्यांवर दव गोठलं होतं. मनात म्हटलं, मुक्या जिवाला, दुखऱ्या पायाला, जानेवारीत, हे? माझ्या आईने बघितलं तर मला घरात घेणार नाही.

माझ्याजवळ थर्मास होता. लग्नात आलेला, दोन लिटरचा, स्टीलचा. त्यात चहा करून घेण्यासाठी गरम पाणी होतं. आंघोळीचं पाणी फार कढत असलं की आपण त्यात गार पाण्याचं विसण घालतो. मी उलटं विसण घातलं, गार पाण्यात कढत. आधी थोडंसंच, नुसती थंडी मोडण्यापुरतं. जावईबापूंनी पाय आत घातला, थांबले, कान पुढे केले आणि उभे राहिले. तसेच. वीस मिनिटं.

वीस मिनिटं मोजायला घड्याळ नको म्हणून मी पाढे म्हटले. बे एके बेपासून तीसपर्यंत, न घाई करता, बरोबर वीस मिनिटं होतात. फक्त एकोणतीसच्या पाढ्यात मी सातव्या ओळीला अडखळते, ते चौथीपासूनचं आहे.

दुपारी मालकीणबाई कमरेला पट्टा बांधून बघायला आल्या. जावईबापू एक पाय बादलीत घालून, खालचा ओठ लोंबकळत सोडून, अर्धवट डोळे मिटून उभे होते, आणि मी शेजारी सतराच्या पाढ्यात होते. बाई दारातच थबकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "हा कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही त्याला काय सांगताय?"

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हटलं, "आमच्याकडचं जुनं काहीतरी आहे." पाढे जुने आहेतच.

संध्याकाळपर्यंत पागेभर झालं. भारतीय बाईंच्या हातात काहीतरी आहे. एका मुलीने मला तिच्या घोडीजवळ नुसतं उभं राहायला बोलावलं, कारण ती खुरं कापू देत नव्हती. मी उभी राहिले, बाराचा पाढा म्हटला, घोडीने खुरं कापू दिली. यात माझा काहीही हात नव्हता, पण मी नम्रपणे मान तुकवली. त्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदा कुणी वाखाणत होतं, आणि ते माझ्या डोक्यात गेलं. बाईंनी मग तिन्ही वेळांचं काम माझ्याकडेच सोपवलं. "मी केलं तर तो पाडतोच," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशी तो शहाण्यासारखा वागतो."

शहाणपण टिकवायला पाणी थोडं थोडं वाढवावं लागलं. चौथ्या दिवशी मी दुसरा थर्मास घेतला. नवऱ्याने सकाळी विचारलं, "इतका चहा पिता तुम्ही तिथे?" मग मी त्याला विश्वासात घेतलं. तो दिवसभर ऑफिसात तापमानाचे दशांश सांभाळतो. घोड्याचा विषय त्याच्या डोक्यावरून गेला, पण गणित आवडलं. दहा लिटर पाणी पाच अंशाचं, चार लिटर नव्वदचं. "एकोणतीस," तो टोस्ट खाता खाता म्हणाला. "बादली गार असली तर जरा कमी." आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलंस बाई. चिमूटभर मीठही टाक." मी मीठही टाकलं. बादलीवर घोड्याची झूल पांघरायचे, म्हणजे वाफ दिसायची नाही. बाळंतिणीची झाली नसेल अशी उस्तवार चालली होती.

दहाव्या दिवशी डॉक्टर आला. त्याने पाय दाबला, चालवून बघितलं, पुन्हा दाबला. सूज होती तिथेच होती. त्याला ते कळेना. त्याने बाईंना विचारलं, थंड पाणी नेमाने चाललंय ना? बाई म्हणाल्या, "दिवसातून तीन वेळा. मिनिटाचाही फरक नाही." आणि माझ्याकडे अभिमानाने बघितलं. मी लीद काढायच्या फावड्याकडे बघत राहिले.

तो गेल्यावर बाईंनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि औषधांच्या कपाटावर चिकटवली. तिच्यावर ग्रोनिंगनच्या शेताचा फोन नंबर होता. "सोमवारी फोन करेन," त्या म्हणाल्या. मग जावईबापूंच्या मानेवर कपाळ टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या. या बाईंना मी कधी कुणाला मिठी मारताना बघितलं नव्हतं.

मला तेव्हाही खात्री नव्हती हो. मी मनाशी वाद घालत होते. पाणी कोमट होतं म्हणून काय झालं? शेकाने बरंच वाटतं. माझी मान कितीदा बरी झाली. कदाचित पायच फार दुखावला असेल, डॉक्टरचंच चुकलं असेल. माणूस स्वतःला किती कारणं देऊ शकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. लेक शाळेतून थेट आली. मी बादली भरली होती, झूल पांघरली होती. तिला त्याला निरोपाचं काहीतरी सांगायचं असावं, ती पायाशी उकिडवी बसली आणि सूज बघायला हात झुलीखाली घालून पाण्यात घातला. मग तिने माझ्याकडे वर बघितलं.

"मामा, दित इस लाउ," ती म्हणाली. म्हणजे, आई, हे कोमट आहे.

मी म्हटलं, "अगं, थोडंसंच. त्याला थंडी वाजते."

तिने थर्मास बघितले. एक, दोन. ती उभी राहिली. रडली नाही, ओरडली नाही. आणि मग किती महिन्यांनी कोण जाणे, ती माझ्याशी अख्खं वाक्य मराठीत बोलली. "आई, तू त्यांना सांग. आज सांग."

मला राग आला, तोही तिचा. लाज वाटली की मला आधी राग येतो. मग मी पाणी ओतून टाकलं.

मालकीणबाईंच्या घरापर्यंत सायकलने सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत मी डचमध्ये चार वाक्यं तयार केली. दारात त्यांना बघून त्यातली तीन विसरले. म्हटलं, "पाणी थंड नव्हतं. मी गरम टाकलं. रोज."

मग त्यांनी विचारलं, "किती गरम?"

"एकोणतीस अंश."

"एकोणतीस!" त्या किंचाळल्याच. "माझं स्वतःचं घर मी अठराच्या वर नेत नाही!"

त्यांनी मला आत बोलावलं नाही. दारातच उभं ठेवून त्यांनी मला सांगितलं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. तिथे असं तोंडावर सांगतात, आणि आपण पाय धरून माफी मागायला वाकलो तर त्यांना कळत नाही की काय चाललंय. मी म्हटलं, मला त्याची दया आली. बाई म्हणाल्या, "नाही. तुम्हाला हवं होतं, त्याने तुमच्याकडे प्रेमाने बघावं. मलाही हवं असतं. पण पाय त्याचा आहे."

मला रडू आलं. बाईंनी माझ्या हातात स्वयंपाकघरातला पेपर टॉवेल दिला, अख्खी गुंडाळी. मग कोट घातला. "फोन दोन आठवड्यांनी करेन," त्या म्हणाल्या. "पण आता तुम्हीच करायचं. पहिल्या दिवशी शत्रू मी झाले होते. आता तुमची पाळी."

दोन्ही थर्मास त्यांनी जप्त केले आणि औषधांच्या कपाटावर ठेवले, त्या चिठ्ठीच्या शेजारी. बादलीच्या कडेला त्यांनी एक थर्मामीटर बांधला. तो त्यांच्या नातवाच्या टबातला होता आणि त्याचा आकार पिवळ्या बदकाचा होता. बदक पाचच्या वर गेलं तर बर्फ टाकायचा, असा नियम झाला.

जावईबापूंना आधी वाटलं काहीतरी चूक झाली आहे. त्यांनी पाय आत घातला, चमकून बाहेर काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं हॉटेलात डाळीत झुरळ निघाल्यावर गिऱ्हाईक वेटरकडे बघतं. मी पाय पुन्हा आत घातला. बादली गेली. पुन्हा भरली. पुन्हा गेली. त्या आठवड्यात मी रोज तीन वेळा भिजले. हातमोजे वाळेनात, नाक वाहायचं थांबेना. माझे पाढे आता इतके जोरात आणि चिडून चालले होते की पागेत कुणाला ते मंत्र वाटायची शक्यता नव्हती. कुणी मला आपल्या घोडीपाशी उभं राहायला बोलावलं नाही. प्रकरण सगळ्यांना कळलं होतं. लोक हसत होते, चांगल्या मनाने, पण हसत होते.

ते सगळं मी सोसलं. एक सोसवेना. मी आले की जावईबापू मागे वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. लेकीच्या हातचं गाजर खायचे, बाईंच्या हातचं खायचे, माझं हुंगून सोडायचे. एकदा त्यांनी माझ्या जॅकेटची बाही फाडली. मी घरी येताना सायकलवर हमसून रडले. समोरून येणारा एक माणूस सायकल थांबवून विचारू लागला की पडलात का. मी म्हटलं, घोडा माझ्याशी बोलत नाही. तो बिचारा मान डोलावून निघून गेला.

सूज मात्र उतरायला लागली. आधी बोटाला कळेल इतकी, मग डोळ्याला दिसेल इतकी. दोन आठवड्यांनी डॉक्टरने पाय दाबला आणि जावईबापूंनी कानही हलवला नाही. बाईंनी कपाटावरची चिठ्ठी काढली, फाडली आणि कोटाच्या खिशात टाकली, कारण कागदाचा कचरा वेगळा टाकायचा असतो. लेकीने बाईंना मिठी मारली, घोड्याला मिठी मारली, आणि मग मला. मी तिला विचारलं, "अजून रागावली आहेस?" ती डचमध्ये म्हणाली, थोडीशी.

मग रोज पाच मिनिटं नुसतं चालवणं, मग दहा, मग पंधरा, असं करत मे उजाडला. ते सगळं लेकीने आणि बाईंनी केलं. मी लीद काढायचे आणि जावईबापूंपासून दोन हात लांब राहायचे. थर्मास मला परत मिळाले होते, चहासाठी, शपथेवर. मनाची समजूत मी घातली होती. पाय बरा झाला, आता त्याने आपल्याकडे बघावं हा हट्ट सोडायचा.

एका बुधवारी लेकीला यायला उशीर झाला. बाई खोगीर आणायला आत गेल्या आणि मला म्हणाल्या, जरा धरा याला. मी दोरी धरून उभी राहिले, जावईबापूंकडे न बघता. ऊन पडलं होतं. काहीतरी करायचं म्हणून, सवयीने, मी पुटपुटायला लागले. बे एके बे, बे दुणे चार.

तीनच्या पाढ्यात काहीतरी हललं. मी खाली बघितलं. जावईबापूंनी पुढचा डावा पाय उचलला होता. मला वाटलं, आता लाथ बसणार. पण त्यांनी तो पाय हळूच, अंदाज घेत, बादली असायची त्या जागी ठेवला. तिथे नुसत्या विटा होत्या. त्यांनी पाय पुन्हा उचलला, मान खाली घालून बघितलं, आणि तसाच अधांतरी धरून ठेवला.

तो पाय ते माझ्यासाठी धरून उभे होते. बर्फाच्या पाण्यासाठी.

मी खाली बसले आणि तो पाय दोन्ही हातांत धरला. सूज नव्हती, शीर सरळ होती. त्यांनी आपलं वजन हळूहळू माझ्या हातांवर सोडलं आणि हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली. स्वेटर चाखला. पाढा थांबला तसा त्यांनी पाय किंचित हलवला, म्हणून मी पुढे म्हणायला लागले. लेक आली तेव्हा आम्ही बाराच्या पाढ्यावर होतो.